वाढदिवसाला केक एकच असू दे



इथे यूकेत मुलांच्या वाढदिवसाच्या आमंत्रणात एक ओळ हमखास असते, काही अ‍ॅलर्जी असल्यास कळवा. मग एखाद्या आईचा मेसेज येतो, "आमच्याला सीलिअ‍ॅक आहे, पण काळजी नको, मी त्याचा कपकेक डब्यात देईन." आपण सुटलो म्हणतो आणि अंगठा पाठवून मोकळे होतो. माझं मत विचाराल तर तो अंगठा पाठवू नका. केक सगळ्यांसाठीच ग्लूटेन-फ्री करा. एकच करा, आणि खोक्यातल्या मिक्सचा करा.

माझ्या लेकीच्या वर्गात असा एक मुलगा आहे. मेणबत्त्या विझल्या की तो स्वतःहून कोपऱ्यातली बॅग आणतो आणि डबा उघडून बसतो. आठ वर्षांचा आहे, आता कोणी सांगावंही लागत नाही. सगळ्या आया म्हणतात, किती समजूतदार! मला तो समजूतदारपणा बघवत नाही.

आधी हिशेब सांगते, तो माझा धंदाच आहे. पंधरा मुलांना दोन खोकी पुरतात. माझ्या जवळच्या सुपरमार्केटात साध्या आणि ग्लूटेन-फ्री मिक्समधला फरक दोन खोक्यांमागे चार-पाच पौंडांचा पडतो. हॉलचं भाडं, जादूगार, आणि घरी पोचायच्या आत मोडणाऱ्या खेळण्यांच्या त्या पार्टी बॅगा, यांच्यापुढे ही रक्कम कुठे लागते? एक पार्टी बॅग कमी भरा, फरक निघाला.

आता 'एवढ्याशाने काय होतं' याबद्दल. हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने म्हणतात, म्हणून जास्त धोक्याचं. सीलिअ‍ॅक म्हणजे डाएटचं फॅड नाही आणि नेहमीच्या अर्थाची अ‍ॅलर्जीही नाही. ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं, अन्न शोषून घेणारं अस्तर खराब होतं. कधी मूल तासाभरात उलट्या करतं, कधी वरून काहीच दिसत नाही आणि आतलं नुकसान होतच राहतं. ब्रिटनमध्ये साधारण शंभरात एकाला हा आजार आहे, आणि अनेकांचं निदानच झालेलं नाही. एक तुकडा खाऊन मूल हसत घरी गेलं, म्हणजे सगळं ठीक झालं असं नसतं.

मिक्सच का? कारण आपल्यातल्या सुगरणी लगेच म्हणतात, त्यात काय, मी नाचणीचा करते, तांदळाच्या पिठीचा करते. नाचणी, ज्वारी, तांदूळ यांत ग्लूटेन नाही हे खरंच. पण ते पीठ कुठे दळलं? जिथे गहू दळतात त्याच गिरणीत, त्याच जात्यावर दळलं असेल तर उपयोग नाही. सुट्या पिठाला, भारतातून आणलेल्या पिशवीला कसला पुरावा असतो? खोक्यावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर इथल्या कायद्याने किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. मी ऑडिटमध्ये वाढलेली बाई आहे, मला कागद लागतो. (तोच नियम तिखट खाऊलाही लावा. बटाटेवड्यात मैदा नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं.)

खोकं उचललंत की घटकांची यादी वाचा. 'व्हीट-फ्री' म्हणजे ग्लूटेन-फ्री नव्हे, त्यात बार्ली किंवा राय असू शकते. स्पेल्ट कितीही पौष्टिक म्हणून विकलं तरी तो गहूच. याच्या उलटही होतं. काही ग्लूटेन-फ्री खोक्यांवर ठळक अक्षरांत गव्हाचा स्टार्च लिहिलेला असतो. त्यातलं ग्लूटेन काढलेलं असल्याने सीलिअ‍ॅकच्या मुलाला तो चालतो, पण गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला अजिबात नाही. म्हणून त्या आईला आधी विचारा, नेमकं काय आहे? बदामाची पूडही बघा. ग्लूटेन-फ्री मिक्समध्ये ती असू शकते आणि वर्गात नट अ‍ॅलर्जीचं दुसरं मूल असू शकतं. मग खोक्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिला पाठवा. हे दुकानात उभं राहूनच करा, केक भाजल्यावर नको.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी एक सूचना. ग्लूटेन नसल्याने केकला धरून ठेवायचं काम अंडंच करतं. साध्या मिक्समध्ये अंड्याऐवजी दही घातलं तर चुरा होण्याची शक्यता दाट. ज्या मिक्सची कृती मुळातच अंड्याशिवायची आहे तेच घ्या. चव म्हणाल तर चॉकलेटचा निवडा, तांदळाच्या पिठीचा रवाळपणा त्यात लपतो. पीठ कालवून वीस-पंचवीस मिनिटं ठेवलंत तर तो आणखी कमी होतो. पंधरातल्या एकाही मुलाच्या लक्षात येणार नाही, हे मी अनुभवाने सांगते.

खरी जोखीम केकपेक्षा आपल्या ओट्यावर असते. त्या सकाळी पोळ्या लाटू नका, उडालेलं पीठ सगळीकडे बसतं. लाकडी चमचा आणि रोजची चाळणी बाजूला ठेवा, टिनमध्ये नवा कागद घाला. वरच्या सजावटीचंही लेबल वाचा. रंगीत चॉकलेट गोळ्यांत गव्हाचं पीठ सापडतं, कुरकुरीत तांदळाच्या सीरियलमध्ये बार्लीचा माल्ट. बेकरीतून 'ग्लूटेन-फ्री' केक आणणार असाल तर तो कोणत्या टेबलावर, कोणत्या सुरीने होतो हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पैसे देऊ नका.

आणि एवढं सगळं करूनही ती आई म्हणाली की मी डबाच देते, तर "अगं, मी सगळं बघून केलंय" असा आग्रह धरू नका. तिने काय काय सोसलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. केक मात्र ठरवलेलाच करा. तिच्या कपकेकवर कोणतं आयसिंग आहे तेवढं विचारून घ्या, तुमच्या केकवरही तेच लावता येईल.