सही करण्याआधी ठेवायचे आगार



आपण पच्चक्खाण घेतो तेव्हा आगार त्याच वेळी ठेवतो. उपवास असो की एकासणं, महासतीजी पच्चक्खाण देतानाच सवलती उच्चारल्या जातात. नकळत काही तोंडात गेलं, अचानक काही घडलं, मोठ्यांची आज्ञा झाली, जिवाला समाधी राहिली नाही, तर व्रत मोडलं असं होत नाही. पण दुपारी भूक लागल्यावर आगार शोधायला बसलं, तर ते चालत नाही. नोकरीच्या ऑफर लेटरवर सही करणाऱ्या आपल्या मुलीसुनांसाठी मला एवढंच म्हणायचंय, की नोटीस पिरियडचं बोलणं सहीच्या आधी व्हायला हवं.

आपल्याकडे वर्षानुवर्षं दुकानं. नोटीस म्हटली की बँकेची, नाहीतर नगरपालिकेची. आता देवळाली प्रवरातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली पुण्यात हिंजवडी, खराडीला आहेत, आणि आयटीतल्या मोठ्या कंपन्यांत राजीनामा दिल्यावर 90 दिवस काम करून मगच सुटका होते. नव्या कंपनीला मात्र माणूस महिन्याभरात हवा असतो. या दोन तारखांमध्ये पोरं अडकतात. तशात लग्नाची तारीख निघालेली असली तर बघायलाच नको.

माझ्या भाचीचं असंच झालं. नव्या कंपनीची एचआर म्हणाली 30 दिवसांत या, जुन्या लेटरात 90 लिहिलेले. घरात बैठक बसली. एक काका म्हणाले, आजी सिरियस आहे म्हणून सांग. दुसऱ्यांनी ओळखीच्या डॉक्टरांचं नाव काढलं, सर्टिफिकेट मिळेल म्हणाले. तिची आई, म्हणजे माझी ताई, एकच म्हणत होती, "काही विचारू नकोस गं, सोन्यासारखी ऑफर हातची जाईल." रात्री भाचीचा मला फोन. "मावशी, खोटं बोलायचं नाहीये मला, पण मग काय बोलू तेही कळत नाही."

आपण रोज प्रतिक्रमणात दुसऱ्या अणुव्रताचे अतिचार म्हणतो. त्यात मृषोपदेश आहे, म्हणजे दुसऱ्याला खोटं बोलायला शिकवणं. कूटलेख आहे, म्हणजे खोटा कागद करणं. धडधाकट आजीला आजारी पाडणं आणि डॉक्टरांचा खोटा दाखला आणणं याला दुसरं नाव काय देणार? "सगळेच करतात" हा काही आगार नाही. व्यवहार म्हणून पाहिलं तरी हे टिकत नाही. जुन्या कंपनीत सोडल्याची तारीख पीएफच्या खात्यात दिसते, रिलीव्हिंग लेटर नवी कंपनी मागते, आणि एकदा खोटं उघडं पडलं की पुढची दहा वर्षं त्याच क्षेत्रात त्याच माणसांसमोर जायचं असतं.

मग बोलायचं काय? माझं उत्तर साधं होतं. जे खरं आहे तेच बोल, पण पूर्ण बोल. पहिल्याच मुलाखतीत सांगायचं की माझी नोटीस 90 दिवसांची आहे. पगाराचा आकडा ठरला, की त्याच बैठकीत विचारायचं: रुजू होण्याची तारीख पुढे नेता येईल का? घाई तुमची असेल, तर उरलेल्या दिवसांचे पैसे, ज्याला बायआउट म्हणतात, ते तुम्ही भरणार का? भरणार असाल तर लेटरात लिहाल का, आणि वर्षाच्या आत मी सोडलं तर ते परत मागाल का? आणि लेखी ऑफर हातात पडेपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा टाकायचा नाही. फोनवर "हो, होऊन जाईल" म्हणणारी एचआर पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवर असेलच असं नाही.

आपलं जुनं लेटरही शांतपणे वाचायचं. नोटिशीचे पैसे मूळ पगारावर कापणार की पूर्ण पगारावर, हे तिथेच असतं. समजा पूर्ण पगार 60,000 आणि मूळ पगार 24,000, तर एका महिन्याच्या कपातीत 36,000 चा फरक पडतो. उरलेली रजा नोटिशीत धरतात का, हेही बघायचं. शिवाय या कपातीवर जीएसटी लागत नाही, हे सरकारने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. कुणी तोही लावत असेल तर विचारायला लाजू नका.

नव्या लग्न झालेल्या मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. प्रसूती रजेसाठी त्याच कंपनीत, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत, निदान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा 26 आठवड्यांची आहे. घरात तसा विचार असेल तर रुजू व्हायची तारीख मागताना हा हिशोब आधी करा. आईने मुलीला, सासूने सुनेला हे मोकळेपणाने सांगावं.

विचारणं म्हणजे निर्लज्जपणा, असं ताईला वाटत होतं. मला पटत नाही. आपल्या भागात गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. पैसे किती, धान्य किती, उचल किती, सगळं आधी बोलून घेतात, आणि त्या माणसाला कुणी आगाऊ म्हणत नाही. शिकलेल्या मुलीने तेच विचारलं की मात्र घरच्यांनाच धडकी भरते. ऑफर जाऊही शकते, हे मी नाकारत नाही. पण ती सही करण्याआधी गेली तर जुनी नोकरी शाबूत असते.

एकदा सही झाली की मात्र पाळायचं. कोर्ट कुणाला जबरदस्तीने कामावर बसवत नाही हे खरं, पण सही फुकट जात नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये 1963 साली एका तरुण शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला आणि पुढच्याच वर्षी तो कोट्याच्या कंपनीत गेला. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये कंपनीचं म्हणणं मान्य केलं. कराराच्या मुदतीत तसं दुसरीकडे काम करता येणार नाही, ही अट योग्य ठरवली. अगदी अलीकडे, मे 2025 मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणातही तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट कोर्टाने उचलून धरली. बाँड आणि नोटीस वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्हीकडे आधी सहीच बघतात.

भाचीने विचारलं. नवी कंपनी 60 दिवसांवर आली. जुन्या ठिकाणी 12 दिवसांची रजा नोटिशीत धरली, उरलेल्या 18 दिवसांचे पैसे मूळ पगारावर कापले. ते नवी कंपनी पहिल्या पगारात देणार, वर्षाच्या आत सोडलं तर परत घेणार. एक गोष्ट मात्र तिला मिळाली नाही. नव्या लेटरात तिने सोडलं तर 90 दिवस, कंपनीने काढलं तर 30. दोन्हीकडून सारखं करा म्हणाली, तर उत्तर आलं, सगळ्यांना हेच आहे. तिने जाणून-समजून सही केली.

हे 90 आणि 30 माझ्या डोक्यातून जात नाही. तिसऱ्या अणुव्रतात कूटतोल-कूटमाप हा अतिचार आहे, घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं. लेटरातली ही दोन मापं याहून वेगळी आहेत का? कंपन्यांना नावं ठेवताना आपल्या बाजारपेठेकडेही बघावं लागेल. दुकानातला पोरगा दिवाळीच्या तोंडावर सोडून गेला की आपण त्याला बेईमान म्हणतो, आणि मंदी आली की त्याच पोराला "उद्यापासून येऊ नकोस" म्हणतो. वर कुठे कुठे एक महिन्याचा पगार अडकवून ठेवलेला असतो. हिशोबाच्या वह्या कितीतरी घरांत आपणच लिहितो, त्यामुळे हे आपल्याला माहीत नाही असं म्हणता येणार नाही.

आमच्या ओळखीच्या एका भाभींनी गेल्या पाडव्याला नवऱ्याच्या मागे लागून दुकानातल्या मुलाला एका कागदावर लिहून दिलं: सोडायचं असेल तर 30 दिवस आधी सांगायचं, आम्हाला कमी करायचं असेल तर आम्हीही 30 दिवस आधी सांगू, नाहीतर तितका पगार देऊ. खाली दोघांच्या सह्या. नवरा आधी हसला होता. तो मुलगा दिवाळीनंतर श्रीरामपूरला दुसऱ्या दुकानात गेला. महिनाभर आधी सांगून गेला, आणि जाताना नव्या मुलाला माल कुठे काय लावलाय ते दाखवून गेला.