मुंबईने सोडलेला प्रशिक्षक आणि आयझॉलचा चषक

तेच वाक्य या आठवड्यात पुन्हा ऐकावं लागलं. पुण्यातल्या एका चर्चेत क्रीडा व्यवस्थापनातले एक जाणकार म्हणाले, "छोट्या शहरात व्यावसायिक फुटबॉल क्लब टिकत नाही. त्याला मोठी बाजारपेठ लागते." सभागृहाने माना डोलावल्या. भारत एफसी, पुणे एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे चारही क्लब ज्या शहरात पाच वर्षांच्या आत गुंडाळले गेले, त्याच शहरात हे ऐकवलं जातं. बाजारपेठ होती, उद्योगपती होते, मैदानं होती. मग क्लब गेले कुठे? मी उठून तेवढंच विचारलं. उत्तर आलं, "तो वेगळा विषय आहे." तो वेगळा विषय मुळीच नाही.

मिझोरामच्या राजधानीतला आयझॉल एफसी हेच दाखवून देतो. त्याची १९८४ सालापासूनची सगळी कहाणी इथे सांगत नाही. आज फक्त दोन हंगाम शेजारी शेजारी ठेवायचे आहेत.

पहिला हंगाम २०१५-१६चा. आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या अव्वल लीगमध्ये, नऊ संघ होते. खालिद जमीलच्या हाताखालची मुंबई एफसी पाचवी आली. पहिल्यांदाच वरच्या पातळीवर खेळणारं आयझॉल आठवं आणि पुण्याचं डीएसके शिवाजीयन्स नववं, म्हणजे तळाला. खाली ढकललं गेलं ते मात्र आयझॉल. पैसे भरून थेट प्रवेश घेतलेल्या डीएसकेला पदावनतीपासून संरक्षण होतं. दुसऱ्या श्रेणीत जिंकून वर आलेल्या क्लबला असलं संरक्षण कोण देणार? मला या नियमाचा तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. याच आयझॉलने त्या मोसमात फेडरेशन कपची अंतिम फेरी गाठली होती. तिथे मोहन बागानने त्यांना पाच गोलांनी हरवलं हे खरं, पण तिथवर पोचलं कोण आणि घरी बसलं कोण, हेही खरंच आहे.

दुसरा हंगाम २०१६-१७चा. मुंबई एफसीने सात वर्षं संघ सांभाळणाऱ्या खालिदला मोकळं केलं. तिकडे लीगची एकूण दिशा पाहून गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो बाहेर पडले, संघ कमी पडू लागले आणि महासंघाने आयझॉलला परत बोलावलं. खालिद तिथे गेला. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीकडून खेळून गेलेले दोघे तिथे त्याच्या संघात होते. गोलपोस्टमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, आणि बाकी मिझो पोरं. या सगळ्याचा वर्षाचा खर्च दोन कोटींच्या आसपास असल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

२२ एप्रिल २०१७ला आयझॉलच्या राजीव गांधी स्टेडियममध्ये मोहन बागानविरुद्ध ८३व्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. तो केला झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने. आठ दिवसांनी शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एका गुणाची गरज होती आणि नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या दिपांडाने आयझॉलवर गोल चढवला. जवळजवळ तासभर आयझॉल पिछाडीवर. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. आयझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येतल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मुंबई एफसी? शेवटची. पदावनती झाली आणि पुढे क्लबच बंद झाला. डीएसकेही त्याच उन्हाळ्यानंतर दिसलं नाही.

प्रशिक्षक तोच, काही खेळाडू तेच, पैसा उलट कमी. मग फरक कशाचा? माझ्या मते पायाखालच्या जमिनीचा. मिझोराममध्ये २०१२पासून प्रीमियर लीग चालते आणि तिचे सामने झोनेट हे स्थानिक केबल जाळं घराघरात दाखवतं. चानमारी, दिनथार, छिंगा वेंग ही त्या लीगमधल्या क्लबांची नावं म्हणजे राजधानीतल्या वस्त्यांचीच नावं आहेत. शहराच्या मधोमध लामुआलचं मैदान, आजूबाजूच्या चढावर घरं. २०१४मध्ये मिझोरामने संतोष ट्रॉफी जिंकली ती याच पोरांच्या जोरावर. २०११च्या जनगणनेत आयझॉलची लोकसंख्या तीन लाखांच्याही आत होती, पण त्या तीन लाखांना आपल्या वस्तीचा लेफ्ट बॅक नावानिशी माहीत असतो. मुंबई एफसीच्या प्रेक्षकाला कधी कूपरेज तर कधी थेट पुण्यातली बालेवाडी गाठावी लागे. असा क्लब मालकाचं मन उडालं की संपतो, कारण त्याला धरून ठेवणारं दुसरं कुणीच नसतं.

विजयानंतर आयझॉलचं जे झालं ते मात्र मला अजून सलतं. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगला, म्हणजे आयएसएलला, आशियाई महासंघाची मान्यता मिळाली. तिथे जागा मिळाली ती कोट्यवधींचं शुल्क भरू शकणाऱ्यांना. देशाच्या विजेत्याने दार ठोठावलं, आंदोलनाचा इशारा दिला, आणि दार उघडलं नाही. काही आठवड्यांत संघ पांगला. खालिद आणि आमना ईस्ट बंगालला, राणे एटीकेला, लालरुआत्थारा केरळ ब्लास्टर्सला. आय-लीग विजेत्याला आयएसएलमध्ये जाण्याची वाट २०२२-२३पासून मोकळी झाली आणि तिचा पहिला लाभ पंजाबला झाला. आयझॉलसाठी सहा वर्षं उशीर. खालिदकडे ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय संघाची सूत्रं आली, तेव्हा त्या चषकाची आठवण अनेकांना नव्याने झाली.

आता आपल्या राज्यात अशी जमीन कुठे आहे ते पाहू. मी बोट दाखवतो कोल्हापूरकडे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या पेठांमधल्या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारपासून भरतात. पेठेतली म्हातारी माणसंही पंचाशी हुज्जत घालतात. हुल्लडबाजी होते, ती थांबलीच पाहिजे, पण महाराष्ट्रात आयझॉलच्या जवळ जाणारी दुसरी जागा मला दिसत नाही. अनिकेत जाधव याच शहराचा; २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. कोल्हापूरच्या तालमी व्यावसायिक लीगमध्ये तग धरतील याचा पुरावा माझ्यापाशी नाही. पुण्यातले चार क्लब मात्र माझ्यासमोर बंद पडले.

राज्यांच्या लीगमधून संघ घेणारी आय-लीग ३ ही स्पर्धा २०२३मध्ये सुरू झाली आहे. विफाने, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेने, येत्या हंगामात कोल्हापूरच्या विजेत्या तालमीला राज्य लीगमध्ये थेट जागा द्यावी, घरचे सामने शाहू स्टेडियमवरच ठेवावेत आणि ते स्थानिक केबलवर दाखवावेत. परदेशी खेळाडू, मालक, बोधचिन्ह यांचा विचार नंतर करता येईल. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एवढं जरी आलं, तरी मी त्याबद्दल इथे लिहीन. नाही आलं, तरी लिहीन.