खोटी थंडी

निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना मालमोटारीने काळा धूर सोडावा, डिझेल अधिक खावे आणि नवा सेन्सर बसवूनही दोष तसाच राहावा, हा अनुभव महामार्गावरील गाडीमालकांना नवा नाही. ज्याचा संसार आणि बँकेचा हप्ता एकाच गाडीवर चालतो, त्याला हा फुकटचा खर्च परवडत नाही.

१ एप्रिल २०१७ रोजी बीएस-४ मानक देशभर लागू झाले आणि मालमोटारींत इंधन-फवाऱ्याचे नियंत्रण सर्रास संगणकाकडे आले. त्या गाड्या आता जुन्या झाल्या. संगणकाला इंजिन दिसत नाही; सेन्सर सांगेल तेवढेच त्याचे जग. इंजिनातील पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर घ्या. पाणी तापले की त्याचा विद्युत-रोध घटतो: साधारणतः २० अंशांना अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. जोडणीत गंज चढला की रोध वाढतो. इंजिन थंडच आहे असे समजून संगणक डिझेल वाढवतो. वायर पूर्ण तुटली, तर आकडा उणे ४० च्या आसपास जातो. बेळगावची थंडी कितीही बोचरी असो, तिथवर पोहोचत नाही! हे असत्य चटकन ओळखू येते. गंजाचे मात्र अर्धसत्य असते. म्हणून पुष्कळदा इशाऱ्याचा दिवाही लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पाण्याचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर पाहावे. दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. नसल्यास या दोन पिनांच्या सेन्सरची जोडणी काढावी. आकडा उणे टोकाला जावा. मग वायरीकडील दोन टोके तारेने जोडावीत. आकडा उष्ण टोकाला जावा. तिथवर न पोहोचल्यास दोष वायरीत. पोहोचल्यास सेन्सर थंड व गरम असताना मल्टिमीटरने मोजावा. तोही ठीक निघाला, तर पिनांतील गंज शोधावा.

तीन पिनांच्या दाब-सेन्सरवर हा तारेचा प्रयोग करू नये. चालू इंजिनाच्या उच्चदाबाच्या नळ्याही सैल करू नयेत. तेथील दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडी भेदते.

स्कॅनरने सेन्सरचे नाव घेतले, म्हणजे अपराध सिद्ध झाला असे नव्हे; तक्रार त्या वाटेवरून आली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून वाचकहो, नव्या सेन्सरसाठी खिशात हात घालण्यापूर्वी एवढेच विचारावे, “मिस्त्री, मोजून पाहिलंत काय?”