भीती, अभिप्राय आणि अभ्यास

पदव्युत्तर वर्गात भयानक रसाचे विवेचन संपले की, ‘अलीकडे भीती वाटावी असे काय वाचलेत?’ असा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारतो. उत्तरे येतात ती बहुधा ऐकण्याची आणि पाहण्याची. कोणी प्रवासात नारायण धारपांच्या कथा ऐकलेल्या असतात, कोणी गुन्ह्यांच्या सत्यघटनांवरील पॉडकास्ट नियमाने ऐकत असतो. ‘तुंबाड’ तर बहुतेकांनी पाहिलेला असतो. मात्र ‘कसे वाटले?’ असे विचारताच उत्तर एका वाक्यात आटोपते : ‘भारी होते’, नाहीतर ‘फारशी भीती वाटली नाही’. मर्ढेकरांच्या एखाद्या कवितेवर अर्धा तास बोलू शकणारे हेच विद्यार्थी येथे मुके होतात. दोष त्यांचा नाही. या कलाकृतींविषयी बोलण्याची भाषा आपण त्यांना दिलेलीच नाही.

मराठीत या वाङ्मयाची परंपरा तोकडी नाही. गो. ना. दातारांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा, नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भयकथा व गूढकथा यांनी अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. वाचनालयांत ही पुस्तके पाने सुटेपर्यंत वाचली गेली. समीक्षेने मात्र त्यांना ‘रंजनपर’ या एका विशेषणात बसवले आणि विचार करण्याची जबाबदारी तेथेच संपली असे मानले. कोणतेही वाङ्मय वर्गीकरणाने समजत नाही. फार तर ते कपाटात कोठे ठेवायचे एवढे समजते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, हे लेखन पुष्कळदा उसने असते. धारपांनी इंग्रजी कथाकादंबऱ्यांचा आधार घेतला हे खरेच आहे. पण उसनेपणाची नोंद हा अभ्यासाचा आरंभ आहे, निकाल नव्हे. स्टीफन किंग यांची ‘ग्रॅमा’ ही १९८४ ची कथा घ्या. अंथरुणाला खिळलेल्या भयंकर आजीजवळ घरात एकटा राहिलेला मुलगा, हे तिचे बीज. धारपांनी ‘आजी’ या कथेत ते मराठी घरात आणले. पुढे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात तेच बीज कोकणातील वाड्यात रुजले. नावाचा धागा श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’पर्यंत जातो. या प्रवासात भीतीचा विषयच पालटला आहे. किंगच्या कथेत मुलाचे एकटेपण भयावह आहे. चित्रपटात जीव वाचवून निसटलेला मुलगा पंधरा वर्षांनी धनाच्या शोधात त्याच वाड्यात आपण होऊन परततो. आता भीती आजीची उरत नाही. तिला न भिणाऱ्या लोभाची वाटू लागते. हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न मिळवले. दचकण्याच्या जागा ठाऊक असूनही प्रेक्षक परत गेले असतील, तर दचकणे हे त्या अनुभवाचे सर्वस्व नव्हते, हे उघड आहे.

म्हणूनच ‘भीती वाटली का?’ ही कसोटी अपुरी आहे. ‘भीती कशाची होती, आणि ती ओसरल्यावर मागे काय राहिले?’ हा खरा प्रश्न होय. त्याच्या उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे विवेचन करताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील भयभीत हरिणाचेच उदाहरण घेतले आहे. ते भय त्या हरिणाचे राहत नाही, प्रेक्षकाचेही होत नाही. देशकालाच्या बंधनातून सुटते, म्हणूनच आस्वाद्य ठरते. आपण हे साधारणीकरण परीक्षेपुरते शिकवतो आणि ज्या कलाकृतींना ते सहज लावता येईल त्यांच्यापासून दूर ठेवतो.

सत्यघटनांवरील पॉडकास्टला ही कसोटी लावून पाहावी. तेथे मृत व्यक्तीचे नाव, गाव, तारीख सांगितली जाते. तिचे आप्त कदाचित आजही त्या गावी राहत असतात. आवाज चढउतार करतो, पार्श्वसंगीत गहिरे होते, आणि एका कुटुंबाचे दुःख आपला संध्याकाळचा प्रवास सुसह्य करते. हे भय कोणा एकाचे आहे, हे विसरता येत नाही. आणि विसरलो, तर ते विसरणे निरागस नसते. अभिनवगुप्ताच्या रसविघ्नांपैकी एक येथे साहित्यशास्त्राची मर्यादा ओलांडून नीतीचा प्रश्न बनते. उलट धारपांची कथा चांगल्या वाचकाच्या संथ आवाजात ऐकताना कल्पनेला पुरेसा अवकाश मिळतो. तिच्यावर करकरणाऱ्या दारांचे ध्वनी लादले की शब्दांनी सुचवलेले ध्वनींनी उघडे पाडले जाते. नभोनाट्याची परंपरा असलेल्या भाषेत हा भेद सांगणारी समीक्षा असू नये, याचे नवल वाटते.

एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने धारपांच्या कथांवर प्रबंधिका लिहिण्याचा प्रस्ताव मांडला. समितीतील ज्येष्ठांनी ‘काहीतरी भरीव घ्या’ असा सल्ला दिला. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो. तिने ग्रामीण कथेवरील एक विषय घेतला, नेटके काम केले, पदवी मिळवली. तिच्या मूळ टाचणात वाड्याची रचना आणि घरातील स्त्रियांचे मौन यांविषयी जी निरीक्षणे होती, तशी त्या प्रबंधिकेत एकही नव्हती. त्या दिवशी आपण वाङ्मयीन मूल्याचे रक्षण केले, असे आमच्यापैकी कोणी आज म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

सर्वच भयकथा थोर आहेत असा माझा दावा नाही. त्यांतील पुष्कळशा सामान्य आहेत. सामान्य कवितांची संख्याही काही कमी नाही. पण सामान्य काय आणि असामान्य काय, हे वाचल्यावाचून ठरत नाही. हलक्या कागदावर छापलेली ती पुस्तके विरत चालली आहेत. ती मिळत आहेत तोवर एखाद्या विद्यार्थ्याने असा विषय घेऊन दार ठोठावले, तर निदान त्याचे टाचण पुरते वाचावे. त्या बैठकीत मी तेवढेही सुचवले नव्हते.