‘क्रिश’चे दिग्दर्शन: सोडणे आणि सोपवणे



राकेश रोशन यांनी ‘क्रिश ४’चे दिग्दर्शन सोडल्याने ही चित्रपटमालिका, म्हणजे एकाच कथासूत्राने जोडलेले चित्रपट, पोरकी झाली, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत वस्तुस्थितीला धरून नाही.

दिग्दर्शक एडगर राइट २०१४ मध्ये ‘अँट-मॅन’ या चित्रपटातून बाहेर पडले, ते मार्व्हल या निर्मितीसंस्थेशी मतभेद झाल्यामुळे, इथे मात्र मार्च २०२५ मध्ये राकेश यांनीच सूत्रे मुलगा हृतिक रोशन यांच्याकडे दिल्याचे जाहीर केले, आणि ज्याने २००३च्या ‘कोई... मिल गया’पासून २०१३च्या ‘क्रिश ३’पर्यंत नायक वठवला, त्याला परका म्हणणे (पत्रलेखकाने तसे सुचवले आहे) धाडसाचेच ठरते. २००६च्या ‘क्रिश’मध्ये सिंगापूरच्या सर्कशीला आग लागते तेव्हा, शक्ती प्रकट न करण्याचे आजीला दिलेले वचन पाळण्यासाठी, नायक हाती लागलेला तुटका काळा मुखवटा चढवून मुलांना वाचवतो, म्हणजे या महानायकाचे, अर्थात अतिमानवी शक्तीच्या नायकाचे, मूळ वारशाने मिळालेल्या शक्तीइतकेच घरातल्या धाकात आहे. तिन्ही चित्रपटांचे संगीतही घरातलेच, म्हणजे राकेश यांचे बंधू राजेश रोशन यांचे होते. शंका घ्यायचीच, तर ती प्रमुख भूमिका आणि दिग्दर्शन एकाच माणसावर पडण्याबद्दल घ्यावी, कारण हृतिक यांचे दिग्दर्शक म्हणून हे पदार्पण आहे.

— एक वाचक, पारशिवनी (जि. नागपूर)