सुरूबंदरला गाडी कुठून येते?



सुटीत मुलांना मोबाइलपासून दूर कसे ठेवावे, असे विचारणारी पत्रे या सदराकडे दर उन्हाळ्यात येतात. उपदेश भरपूर करून झाला, म्हणून या वेळी फक्त एका कामाची हकीकत लिहिते. गेले आठ महिने आमच्या माजघरात एक फळी मांडलेली आहे. सहा फूट लांब, दीड फूट रुंद. तिच्यावर एक बंदर उभे राहत आहे आणि त्या बंदरात एक इवलीशी मालगाडी येते. बंदराचे नाव सुरूबंदर. नकाशात शोधू नका, ते कुठेच नाही. वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दाभोळच्या आत, साधारण १९३० च्या सुमाराला ते असते तर कसे असते, एवढेच आम्ही ठरवले आहे.

कारागीर म्हणजे नववीतली माझी मुलगी, सहावीतला पुतण्या, शेजारची तीन मुले आणि माझे सासरे. अब्बांची उमर जहाजावर गेली. आता ते खुर्चीत बसून हुकूम सोडतात.

खरे गाव सोडून खोटे बंदर कशाला, असे आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने विचारले. प्रश्न बरोबर होता. पण खऱ्या गावाची नक्कल करताना फोटो पाहून हात चालवला की काम होते. नसलेले गाव करायचे तर प्रत्येक गोष्टीला कारण द्यावे लागते. हे गोदाम इथेच का? रूळ धक्क्याच्या इतक्या जवळ का? गाडीतून येते काय आणि जाते काय? उत्तर नसेल तर पुतण्या ती वस्तू फळीवरून उचलून बाजूला ठेवतो. तो या बाबतीत फार कडक आहे.

या छंदात ही वाट जुनीच आहे. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न नावाच्या गृहस्थांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘मॅडर व्हॅली’ नावाची अशीच काल्पनिक रेल्वे घरात उभारायला घेतली. तिच्या एका टोकाला मॅडरपोर्ट हे बंदर आहे. तेही जगात कुठे नाही. पण त्यांनी घरे बनवली ती ठिकठिकाणच्या खऱ्या घरांवरून, आणि इंजिनेही वेगवेगळ्या खऱ्या छोट्या रेल्वेंवरून. ही मांडणी आज ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. मुलांना टीव्हीवरचा थॉमस इंजिन माहीत असतो. त्याचे सोडोर बेटही असेच. लहान वाचक पत्रे लिहून शंका विचारू लागले, तेव्हा रेव्हरंड ऑड्री यांना भावाच्या मदतीने त्या बेटाचा भूगोल आणि इतिहास बसवावा लागला. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. पुण्याला गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

अहर्न यांचा नियम आम्ही उचलला. गाव खोटे, पण प्रत्येक भिंत खरी. धक्क्याची दगडी पायरी आमच्या खाडीतली, जकात चौकीचा व्हरांडा दुसऱ्या एका गावचा, मशिदीचे कौलारू छप्पर तिसरीकडचे. मुले टेप घेऊन गेली, मापे घेतली आणि ८७ ने भागली. आमचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी आहे. भागाकाराचा एवढा सराव वर्गात मी कधी करून घेऊ शकले नव्हते.

हे प्रमाण का, तेही सांगते. बाजारात ९ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ मिळतात. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रेल्वेला ८७ ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात. फरक डोळ्याला कळत नाही. आणि अडीच फुटी रेल्वे आपल्याकडे खरोखर होती. कुर्डुवाडी ते बार्शी ही लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केली. माथेरानची तर त्याहून अरुंद, दोन फुटी. ती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधून १९०७ मध्ये चालू केली, हे आपल्या घरांतल्या मुलांना क्वचितच कुणी सांगते. तेव्हा सुरूबंदर ते चिपळूण अशी छोटी रेल्वे कुणी घातली असती, ही कल्पना अगदीच हवेतली नाही. रूळ आणि इंजिनाचा खालचा सांगाडा माझ्या दिराने दुबईहून पाठवला. वरचे इंजिन मुलांनी लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे केले.

आता हिशेब पाहा. सहा फुटांची फळी म्हणजे खऱ्या जगातले जेमतेम १६० मीटर, आणि रुंदी ४० मीटर. एवढ्यात बंदर, स्टेशन, गोदाम, चौकी, मशीद आणि सुरूची झाडे बसवायची. पुतण्याला मुंबईहून येणारी आगबोट धक्क्याला लागलेली हवी होती. साठ मीटरची बोट धरली तर ती फळीवर ६९ सेंटिमीटर होते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. अब्बांनी वाद मिटवला. म्हणाले, “आगबोट धक्क्याला लागायचीच कुठे? ती बाहेर उभी राहायची. माणसं पडावात उतरायची, भिजत यायची.” कोकणातल्या कितीतरी बंदरांत असेच होते. मग आगबोट मागच्या पडद्यावर रंगवली, दूर, बोटभर. धक्क्याला सतरा सेंटिमीटरचा मचवा आला.

खरी गंमत मशिदीपाशी झाली. तोवर आमची फळी म्हणजे नुसती फळी होती, तिला दिशा नव्हती. मुलीने पुठ्ठ्याची मशीद आणून ठेवली आणि तिची दादी म्हणाली, “किब्ला कुठे?” सगळे गप्प. कोकणातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. म्हणजे मेहराबीची भिंत समुद्राच्या बाजूला आली पाहिजे आणि दरवाजा पूर्वेला. बंदर खाडीच्या उत्तर तीरावर, तेव्हा पाहणारा खाडीत उभा राहून उत्तरेकडे पाहतो असे ठरले. त्याच्या डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला चिपळूण. तेवढ्यावरून बाकीचे सगळे सरळ झाले. गाडी उजवीकडून येणार. संध्याकाळचे ऊन डावीकडून, म्हणून भिंतींचा डावा अंग फिका रंगवायचा आणि उजवा गडद. सुरूची झाडे वाऱ्याने उजवीकडे वाकलेली. मशिदीच्या पायऱ्या उजव्या अंगाला, त्यामुळे त्या स्टेशनच्या बाजूने दिसतात. एका प्रश्नाने सारी मांडणी जागेवर बसली.

मग वेळ कोणती, भरती की ओहोटी? आपल्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी अडीच-तीन मीटर चढते, म्हणजे फळीवर सुमारे तीन सेंटिमीटर. मुलांना भरती हवी होती, कारण पाणी करायला सोपे. प्लायला निळसर करडा रंग द्यायचा आणि वार्निशचे पाच-सहा हात मारायचे. अब्बांनी ओहोटी मागितली. चिखल पाहिजे म्हणाले, चिखलाशिवाय खाडी कसली. चाळलेली माती, फेविकॉल आणि थोडी काजळी एकत्र करून चिखल केला. दोन होड्या त्यात कुशीवर कलल्या आहेत. मधल्या पात्रात नांगरलेल्या होडीचे नाक मुलांनी समुद्राकडे केले होते, ते अब्बांनी फिरवून चिपळूणकडे करायला लावले. ओहोटीचे पाणी समुद्राकडे धावते, नांगरावरची होडी त्याच्याकडे तोंड करून राहते. हे मला भूगोल शिकवून वीस वर्षे झाली तरी कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते.

माणसांचे छोटे पुतळे बाजारात मिळतात, पण आमच्या अम्मींना ते घरात नकोत. दुसऱ्या घरांत याबद्दल वेगळे मत असेल. त्याची चर्चा या सदरात नको. आमच्यापुरता प्रश्न असा होता की माणसांशिवाय बंदर चालू आहे हे दाखवायचे कसे. मुलांनी वाळत घातलेली जाळी केली, अर्धी लादलेली हातगाडी केली, चहाच्या टपरीवर कपबश्या ठेवल्या. आणि मशिदीच्या पायऱ्यांवर चपला. खरी चपला पाव मीटर, आमची तीन मिलिमीटर. जुन्या पर्सच्या रेक्झिनमधून चिमट्याने अठ्ठावीस जोड कापले. अस्रची नमाज चालू आहे, सगळे आत आहेत. पाहुणे आले की आधी तेच बघतात.

गाडी चालवण्याचा भाग मुलीने ताब्यात घेतला. फळीवर गाडीला गोल फिरायला जागा नाही, म्हणून शंटिंग. ॲलन राइट या इंग्रज छंदिष्टाने यासाठी एक सुंदर कोडे करून ठेवले आहे. तीन सायडिंग: एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोहोंत तीन-तीन. टोकाच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून जास्त नाही. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावून द्यायची. किती वेगवेगळ्या गाड्या होतील? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६,७२०. रोज एक लावली तरी अठरा वर्षे पुरेल. शेजारच्या एका मुलाच्या आईने मला थांबवून विचारले, “बाई, दहावी तोंडावर आलेल्या मुलीला आगगाडीशी खेळायला लावता?” मी तिला बोलावले आणि चिठ्ठ्या हातात दिल्या. पाऊण तास झाला तरी तिची चौथी वाघीण जागेवर येईना. जाताना पुन्हा कधी येऊ म्हणून विचारून गेली.

पण वाघिणींत भरायचे काय, यावर आम्ही सर्वांत जास्त अडलो. बंदरातून बाहेर जाणारा माल सहज सुचला: हिरडा, लाकूडफाटा, सुकी मासळी, सुपारी. बाहेरून येणारी मंगलोरी कौले, मीठ, रॉकेलचे डबे, आखातातला खजूर. घाटावरचा गूळ मात्र कुंभार्ली घाट उतरून येणार की नाही? जुन्या काळी तो बैलांच्या पाठीवर चिपळूणला, तिथून गोवळकोटच्या धक्क्याला आणि खाडीतून मुंबईला जात असे. १८९० च्या आसपास पुणे-मिरज लोहमार्ग झाला आणि कऱ्हाडकडचा माल घाट उतरायचा सोडून थेट रेल्वेने जाऊ लागला. खाड्या गाळाने भरल्या हे आपण ऐकतो, तेही खरे आहे. पण आपल्या बंदरांचा व्यापार मोठ्या प्रमाणावर नेला तो घाटामागच्या रेल्वेने. चिपळूण-कऱ्हाड रेल्वेची चर्चा मी लहानपणापासून ऐकते आहे. ती अजून झालेली नाही. म्हणून १९३० च्या सुरूबंदरात गुळाची वाघीण असू शकत नाही, असा निकाल पुतण्याने दिला आणि सुरेख रंगवलेल्या ढेपा डब्यात परत गेल्या.

तेव्हाच मुलीने विचारले, “दादा, खरंच अशी रेल्वे असती, तर तुम्ही जहाजावर गेला असता का?”

मला वाटले, ते म्हणतील, नसतो गेलो. बंदर जगले असते, इथेच राहिलो असतो. अब्बा हसले. “रेल्वे असती तर आगबोटीची उलटी न करता मुंबईला पोचलो असतो, एवढंच. जायचं तर होतंच.” आणि मग त्यांनी दाखवून दिले की आमच्या स्टेशनला माल चढवायचा फलाट लांब आहे आणि माणसांचा अगदीच आखूड. उलटे करा, म्हणाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिने आमच्या गावातून काय नेले ते मोजा आणि त्या हिशेबाने फलाट बांधा.

मुलांनी दोन दिवस वाद घातला. पुतण्याचे म्हणणे, मालगाडीचे बंदर आहे, प्रवासी दाखवले तर शंटिंगला जागा उरत नाही. मुलीचे म्हणणे, दादा बरोबर आहेत. शेवटी एक सायडिंग फलाटाला लागून घेतली आणि तिच्यावर तिसऱ्या वर्गाचा एक डबा कायम उभा ठेवला. त्यामुळे कोडे आणखी अवघड झाले, कारण आता त्या रुळावर तीनऐवजी दोनच वाघिणी मावतात.

कुणाला घरी करून पाहायचे असेल तर इंजिनापासून सुरुवात करू नका, पैसे तिथेच संपतात. एक फळी, पुठ्ठ्याची आठ वाघिणी आणि काडेपेटीच्या काड्यांचे तीन रूळ पुरे. हाताने ढकलूनही कोडे तेवढेच छळते. जांभ्याचा रंग गेरूत थोडा पिवळा आणि चिमूटभर काळा मिसळून येतो. सुरूची झाडे काथ्याची करा. प्लायला खालच्या बाजूनेही रंग द्या, नाहीतर आपल्याकडच्या पावसात तो फुगून रूळ उचलतो. आमच्या सुरूबंदरला अजून कौले घालायची आहेत. मोजली तर स्टेशन आणि गोदाम मिळून दोन हजारांवर जातात, आणि ती कापायला कुणी तयार नाही.