पंचनाम्याबाहेरची वाकळ

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्याची दैना उडविली, धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि परंडा ह्या तालुक्यांत रातोरात गावात पाणी शिरले, माणसे छपरांवर चढून बसली आणि काहींना तर हेलिकॉप्टरने सोडवून आणावे लागले, तेव्हा पाणी ओसरल्यावर शासनाच्या शिरस्त्याप्रमाणे जे पंचनामे झाले त्यांत खरडून गेलेली जमीन, बुडालेले पीक, दगावलेले जनावर आणि पडलेली भिंत ह्यांना आपापले स्थान होते. घरातील उरलेल्या चीजवस्तूंसाठी मदतीच्या नियमांत कपडे आणि भांडीकुंडी असा एक सामाईक रकाना असतो. त्या रकान्यात जी वस्तू मुकाट्याने बुडून जाते, जिची किंमत कोणी विचारीत नाही आणि जिची धनीणही ती सांगावयास धजत नाही, तिच्याविषयी मला आज लिहावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे घरी शिवलेली वाकळ, अर्थात गोधडी. पंचनामा करणाऱ्या तलाठ्यावर किंवा ग्रामसेवकावर ठपका ठेवण्याचा येथे हेतू नाही, कारण जो रकाना तक्त्यातच नाही तो त्यांनी भरावा कसा? माझे म्हणणे इतकेच की, वाकळ शिवणाऱ्या आणि ऋतुमानाप्रमाणे घरोघरी विस्तवावर पदार्थ भाजणाऱ्या बायकांचे श्रम ही ह्या जिल्ह्याची मिळकत आहे, आणि मिळकतीची जशी रीतसर नोंद होते तशी ती ह्या श्रमांचीही झाली पाहिजे.

वाकळ कशी होते हे ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांना ती चिंध्यांची रास वाटते. रबीची ज्वारी मळून घरात आली, कडब्याची गंजी रचून झाली आणि चैत्राचे ऊन डोक्यावर तापू लागले की दुपारचे जे चार तास शेतात काम नसते ते वाकळीचे. धुऊन, उन्हात कडक वाळवून घेतलेले जुने नऊवारी लुगडे ओसरीत किंवा लिंबाच्या सावलीत अंथरावयाचे, वाऱ्याने ते उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, आणि मग त्यावर धोतरांची पाने, सदऱ्यांच्या पाठी, परकरांचे घेर असे एकेक तुकडे कडेला कड भिडवून, कोठे उंचवटा नको आणि कोठे पोकळी नको अशा बेताने पसरीत जावयाचे. कोणते कापड कोठे घालावे ह्याचे शास्त्र ठरलेले आहे. मऊ झालेले धोतर अंगाला लागेल त्या बाजूस, जाडेभरडे मध्ये, लुगड्याचे काठ कडेला, कारण वाकळ प्रथम फाटते ती कडेलाच. आणि बाळाचे दुपटे असेल तर त्यात सर्वांत अधिक वापरलेले, म्हणजे सर्वांत अधिक मवाळ झालेले कापड. वरून दुसरे लुगडे पांघरले की लांब लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर आधी टाचून घेतात आणि मग खरे काम सुरू होते. कडेपासून आरंभ करून, चौकोनाच्या आत चौकोन असा धावदोरा मध्यापर्यंत नेत राहावयाचा. समोरासमोर बसलेल्या दोघींचा हात वेगळा असतो. एकीचा टाका बारीक व घट्ट, दुसरीचा लांब व मोकळा, आणि जाणती बाई पुरी झालेली वाकळ पाहून कोणती बाजू कोणी शिवली ते सांगू शकते. सुई सहा-सात थरांतून काढताना बोटाला घट्टे पडतात, पाठीला रग लागते, आणि दृष्टी सावलीच्या कडेबरोबर सरकत राहते. ह्या कामाला कौशल्य म्हणावयाचे नाही तर मग कशाला म्हणावयाचे?

शिवाय ही भूमी वस्त्राच्या बाबतीत नवखी नाही. धाराशिव तालुक्यातील तेर हे गाव आज संत गोरोबाकाकांमुळे सर्वश्रुत आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रीक प्रवासवृत्तात हेच गाव तगर ह्या नावाने येते, पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून त्याचे वर्णन होते, आणि तेथून साधे सुती कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे असा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तलम मलमलीचे नाव ग्रंथात राहिले. त्याच तगरच्या घरांतून जीर्ण वस्त्रे कोणी सांधली आणि थंडीच्या रात्री मुलांच्या अंगावर काय पांघरले, हे व्यापाऱ्याने लिहून ठेवले नाही, कारण ती वस्तू विकावयास निघत नव्हती. दोन सहस्र वर्षांनंतर आपले दफ्तरही त्याच व्यापाऱ्याच्या नजरेने पाहत असेल तर ते उचित नव्हे.

नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा ह्या बाजूंच्या बंजारा तांड्यांतील कशिदा हा आणखी एक मोठा विषय आहे. वृद्ध स्त्रियांच्या फेटियावर (घागऱ्यावर) व कांचळीवर (चोळीवर) आरसे, कवड्या आणि रंगीत दोरा ह्यांनी जे भरलेले असते त्याची बरोबरी यंत्राला साधलेली नाही. शेजारच्या कर्नाटकात संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळून त्या स्त्रियांना बाजारपेठ लाभली. आमच्या तांड्यांतील हात त्यांहून उणे नाहीत.

आता भाजण्याविषयी. घरी भाजलेला पदार्थ म्हटले की शहरातील वाचकाच्या डोळ्यांसमोर विजेची भट्टी आणि केक येतो. पण आमच्या मुलखाची भट्टी म्हणजे गोवऱ्यांचा आर, आणि तिचा श्रेष्ठ पदार्थ म्हणजे रोडगा. त्याची प्रतिष्ठा एवढी की पैठणच्या एकनाथांनी आपल्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशिणीच्या तोंडून भवानीला जो नवस बोलविला तो रोडग्याचाच. नवा गहू जाडसर दळून, त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट कणीक मळावयाची; लहान गोळ्याला तेल लावून त्यावर दुसरी पारी, तिच्यावर तिसरी, असे पदरावर पदर चढवीत मुठीहून मोठा गोळा करावयाचा. गोवऱ्या पेटून धूर सरला आणि लाल आर झाला की तो रोडगा त्यात सोडावयाचा आणि वरून गरम राखेने झाकून टाकावयाचा. ह्यापुढे घड्याळाचा काही उपयोग नाही. केव्हा परतावा, केव्हा काढावा हे वासावरून, सालीला पडलेल्या चिरेवरून आणि काडीने ठोकले असता निघणाऱ्या आवाजावरून ठरते. फडक्याने राख झटकून, फोडून, तुपात बुडवून, वरण आणि वांग्याच्या रसरशीत भाजीबरोबर तो ज्याने खाल्ला त्याला कणकेचे पदर उलगडताना निघणारी वाफ आयुष्यभर आठवते. गोवऱ्या नीट वाळलेल्या असल्या पाहिजेत, त्या रचताना हवा खेळती राहिली पाहिजे, वाऱ्याची दिशा पाहिली पाहिजे. एवढे सगळे ज्ञान ज्या हातांत आहे त्या हातांना आपण सहज 'स्वयंपाक येतो' म्हणून मोकळे होतो.

मार्गशीर्षातील वेळ अमावास्या हा धाराशिव आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांचा खास सण. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांनाही स्थानिक सुट्टी असते, गावे ओस पडतात आणि शिवारे फुलतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते आणि इष्टमित्रांना हाताला धरून जेवावयास नेतात. परंतु आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर ह्यांचा तो डोंगर शिवारात पोचण्यापूर्वी घरातील बाया मध्यरात्रीपासून चुलीपुढे असतात. पुढे पौषात भोगीला तीळ थापलेली बाजरीची भाकरी येते, आणि दिवाळीपूर्वी रवा, साखर, तूप ह्यांचे डबे घेऊन तालुक्याच्या बेकरीपुढे रांगेत बसलेल्या बायका नानकटाईचे पत्रे आपल्या नावाची चिठ्ठी लावून भट्टीत घालावयास देतात. सण साऱ्या गावाचा. त्यामागची रात्र मात्र एकट्या बाईची.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो मी हलका लेखीत नाही. पानिपतहून येणारे मिंक ब्लँकेट मऊ, हलके आणि स्वस्त आहे. त्याच्या आधी सोलापुरी चादरीने वाकळीची जागा निम्मी घेतलीच होती. वाकळ भिजली की दोघींना उचलत नाही, नदीवर ती धोपटणे हे हाडे मोडणारे काम आहे. मग बायकांची त्यातून सुटका झाली तर वाईट काय झाले? काहीच वाईट झाले नाही. जिला वाकळ शिवावयाची नाही तिने ती मुळीच शिवू नये, जिला रात्रभर चुलीपुढे बसावयाचे नाही तिला कोणी बसवू नये, आणि परंपरेच्या नावाखाली सुनांवर कष्ट लादणाऱ्यांना माझ्या लेखाचा आधार मिळू नये. सुती लुगडी दुर्मिळ होऊन घरोघर कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्यावर वाकळ उणावणारच, कारण त्या कापडावरून सुई घसरते आणि ते घामही शोषीत नाही. प्रश्न वाकळ टिकविण्याचा नंतर येतो. ज्यांनी ती शिवली आणि जे आजही शिवतात त्यांच्या श्रमाचा हिशेब हा प्रश्न आधीचा आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की, विनामोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. हा फरक कागदावर आला म्हणून निदान त्यावर बोलता तरी येते.

मोबदल्याची गोष्ट ह्या जिल्ह्याला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात येथील सहस्रावधी स्त्रिया खडी फोडावयास गेल्या, त्यांची नावे हजेरीपत्रकावर चढली, आणि त्याच अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. खडी फोडणारी बाई सरकारच्या लेखी मजूर झाली. तीच बाई घरी येऊन सुई हातात घेई तेव्हा मात्र ती कोणीच नसे. आज बचतगटांच्या प्रदर्शनांत गोधड्या विकावयास मांडल्या जातात ही चांगली गोष्ट आहे, पण गिऱ्हाईक तेथेही जुन्या कपड्यांचे एवढे पैसे कशाला म्हणून घासाघीस करते आणि बाई संकोचाने भाव उतरविते. समजा, तिने रोज दुपारी चार तास असे पंधरा दिवस काम केले. हे साठ तास, म्हणजे आठ तासांचे साडेसात दिवस झाले. २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने, जो अकुशल श्रमाचा आहे, नुसती मजुरीच २३४० रुपये होते, आणि त्यात दोरा, कापड, कौशल्य ह्यांपैकी कशाचीही गणना नाही. प्रत्येक बचतगटाने वाकळीला हा हिशेब लेखी जोडावा आणि त्याखाली भाव उतरवू नये. गिऱ्हाईक कमी मिळाले तर मिळू देत.

कुंथलगिरीच्या खव्याला आणि तुळजापूरच्या कवडीच्या माळेला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, ह्याचा जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. पण १९९९ चा तो कायदा मुळात व्यापाराच्या मालासाठी आहे, आणि बहुतेक वाकळी लेकीच्या बाळंतपणासाठी, आल्यागेल्या पाहुण्यासाठी, सालगड्याच्या थंडीसाठी शिवल्या जातात. त्यांना निराळी मान्यता हवी. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड ह्या गरीब वस्तीत गुलामांच्या वंशातील कृष्णवर्णीय स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवीत आल्या. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात, प्रत्येक शिवणारीच्या नावानिशी, भिंतीवर लागल्या आणि २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. आमच्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या व्यासंगातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आहे. सातवाहनकालीन मृण्मय मूर्ती आणि मणी जेथे इतक्या आस्थेने जपले आहेत, तेथे जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील वाकळी, दुपटी, कुंच्या आणि तांड्यावरचे फेटिये ह्यांचे दालन असावे. आणि त्यावर 'लोककला, मराठवाडा' अशी मोघम पाटी न लावता शिवणारीचे नाव, गाव, वर्ष आणि लागलेले दिवस लिहावेत.

पंचनाम्याच्या तक्त्यात तर फेरफार आजही शक्य आहे. कपड्यांच्या रकान्याखाली हातशिवणीच्या पांघरुणांची संख्या लिहिण्यास एक ओळ लागेल आणि मदतीची रक्कम ठरविताना वरील हिशेब पायाभूत धरता येईल. जिल्हा परिषदेने ठराव करून ही शिफारस शासनाकडे रवाना करावी, आणि वाकळ शिवणाऱ्या बायकांच्या नोंदणीचे काम ग्रामपंचायतींमार्फत फाल्गुनातच हाती घ्यावे. कारण एकदा मृगाचा पाऊस पडला की ह्या बायका पेरणीला शेतात जातील, आणि मग दिवाळीपर्यंत त्यांना नाव सांगावयासही सवड मिळणार नाही.